फळा धरणारा माणूस

मिशिगनहून एका बाबांचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाले. पत्र चार पानी आहे, मी कापून देते:

"ताई, आम्ही मूळचे नाशिकचे, इथे येऊन एकतीस वर्षं झाली. मी गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. मुलगा अठ्ठावीसचा. अर्थशास्त्रात चांगली डिग्री घेतली आणि म्हणाला, मला बास्केटबॉल कोचिंगमध्ये जायचंय. कॉलेजात असताना तो बहुतेक बेंचवरच असायचा. दोन वर्षं एका लहान विद्यापीठात ग्रॅज्युएट असिस्टंट होता, म्हणजे पुढचं शिकता शिकता टीमचं काम. मग डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळातल्या सर्वांत वरच्या गटातल्या, एका टीमकडे व्हिडिओ कोऑर्डिनेटर, सामन्यांचे व्हिडिओ कापणारा. मार्चमध्ये तिथल्या हेड कोचला काढलं आणि त्याच्याबरोबर सगळ्या स्टाफला. आता दूर दक्षिणेतल्या एका डिव्हिजन टू, म्हणजे त्याखालच्या गटातल्या, कॉलेजने असिस्टंट कोच म्हणून बोलावलंय. पगार ऐकून मला हसू आलं. इकडे माझ्या मित्राच्या कंपनीत डेटा अ‍ॅनालिस्टची जागा तयार आहे, पण तो ऐकत नाही. चार दिवाळ्या घरी आलेला नाही. त्याची आई मला न सांगता त्याचं भाडं भरत होती, हे मागच्या महिन्यात कळलं. लोक विचारतात, मुलगा काय करतो? मी सांगतो, टीव्हीवर टाइमआऊट झाला की कोचच्या शेजारी चाली आखायचा फळा धरून उभा असतो ना, तो. हे करिअर आहे का, ताई? आणि या धंद्यात आपल्या मुलाला कोण विचारणार?"

नमस्कार,

फळ्याचं तुम्ही चिडून लिहिलंय. तरी मी तिथूनच सुरुवात करते, कारण त्या फळ्यावर काय येतं हे मी थोडंफार जवळून बघितलंय.

एका विद्यापीठात खेळाडूंच्या अभ्यासाकडे बघणाऱ्या खात्यात मी अकरा वर्षं नोकरी केली. बास्केटबॉलचं ऑफिस आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर होतं. सकाळी पावणेआठला वर्गाच्या दारातून डोकावून आपली पोरं आलीत का ते मोजणारे असिस्टंट कोच असायचे. रात्री विसरलेला डबा घ्यायला मी परत गेले तर वर दिवा जळत असायचा, तोही त्यांचाच. त्यातल्या एकाने एकदा मला शेजारी बसवून त्याचं काम दाखवलं. पुढच्या सामन्यातल्या टीमचा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणून चाल सुरू करणारा, त्या एकाच पोराच्या खेळाचे चाळीसएक तुकडे. "बघा, हा डावीकडे जातो तेव्हा काय करतो." मला काही दिसेना. त्याने तीनदा मागे नेऊन दाखवलं तेव्हा कुठे दिसलं. डावीकडे निघाला की तो मध्येच थबकतो आणि उडी मारून शॉट घेतो. उजवीकडे निघाला की सरळ बास्केटखाली घुसतो. म्हणजे काय करायचं? त्याला डावीकडे जायला भाग पाडायचं. झालं. सहा-सात सामने बघून हाती आलं ते एवढं एक वाक्य. मी म्हटलं, बस एवढंच? तो म्हणाला, "एकोणीस वर्षांच्या मुलाच्या डोक्यात सामन्याच्या दिवशी तीनच वाक्यं राहतात. ती तीन कुठली, ते शोधायचा मला पगार मिळतो."

याला ते 'स्काउट' म्हणतात. स्टाफमधले असिस्टंट समोरच्या टीमा आपसांत वाटून घेतात, हा सामना तुझा, पुढचा माझा. ज्याचा स्काउट असेल तो त्या टीमच्या चाली तोंडपाठ करतो आणि आपल्याच बेंचवरच्या मुलांना शिकवतो, म्हणजे सरावात ती मुलं शत्रूपक्ष होऊन तशाच चाली खेळतात. सामना चालू असताना समोरचा कोच बोटांनी काही खूण करतो आणि हा पठ्ठ्या बाकावरून ओरडून आपल्या पोरांना सांगतो की आता अमुक येणार. हरले तर हेड कोच विचारतो, स्काउट कुणाचा होता? जिंकले तर कुणी विचारत नाही.

आपल्याकडे याला जवळचा शब्द साथसंगत. तबलजीला मैफलीत टाळ्या कमी मिळतात, पण तो नवशिका असेल तर बुवांचं गाणं तिसऱ्या मिनिटाला कोसळतं. फरक एकच, आणि तो वाईट आहे: गवयाचा आवाज बसला तर तबलजी दुसऱ्या गवयाबरोबर बसतो, इथे मात्र दोघांनाही एकाच दिवशी घरी पाठवतात. ते तुमच्या मुलाने नुकतंच भोगलंय. त्यात त्याच्या लायकीचा निवाडा झाला असं कृपया समजू नका. नवा हेड कोच आपली माणसं घेऊन येतो, ही तिथली रीत आहे. आमच्या वरच्या मजल्यावर मी ते तीनदा पाहिलं. मार्चच्या मध्यावर एका सकाळी जिन्यात रिकामे खोके दिसायचे, आणि काल रात्रीपर्यंत व्हिडिओ कापत बसलेली माणसं भिंतीवरचे पोरांचे फोटो काढत असायची.

आता दुसरं अर्धं काम, खरं तर अर्ध्याहून जास्त: पोरं मिळवणं. रिक्रूटिंग. जुलैत शाळकरी मुलांच्या मोठ्या स्पर्धा असतात, त्यात दक्षिण कॅरोलिनातल्या नॉर्थ ऑगस्टा गावची पीच जॅम सर्वांत नावाजलेली. देशभरातले कोच आपापल्या विद्यापीठाचे टी-शर्ट घालून पहिल्या रांगेत बसतात. त्या दिवसांत मुलाशी प्रत्यक्ष बोलायची नियमाने बंदी असते, म्हणून नुसतं दिसायचं. "आम्ही तुझ्यासाठी आलोय" हे टी-शर्टने सांगायचं. मला हे फार गमतीचं वाटतं, स्थळ बघायला गेल्यावर मुलीच्या घरासमोरून तीन वेळा चक्कर मारल्यासारखं.

हे कामही गेल्या काही वर्षांत उलटंपालटं झालंय. २०१८ च्या ऑक्टोबरात ट्रान्सफर पोर्टल आलं, विद्यापीठ बदलू बघणाऱ्या खेळाडूंची नावं नोंदायची यादी. २०२१ पासून खेळाडूला एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळता येऊ लागलं, २०२४ पासून कितीही वेळा. २०२१ च्या जुलैपासून खेळाडू आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे घेऊ शकतात आणि २०२५ च्या जुलैपासून विद्यापीठं स्वतःच त्यांना पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा सगळे खेळ मिळून सुमारे २.०५ कोटी डॉलर होती. याचा असिस्टंटच्या रोजच्या जगण्यावर काय परिणाम? पूर्वी एकदा मूल आणलं की चार वर्षं निवांत. आता दर वसंतात स्वतःच्याच पोरांना नव्याने पटवायचं. तुमचा मुलगा एप्रिलमध्ये फोन उचलत नाही अशी तुमची तक्रार आहे ना (ती मी वर कापली)? त्याचं कारण हे.

पगाराचं. तुम्हाला हसू आलं, पण ते हसणं नवं नाही. कॉलेज खेळांचे नियम करणाऱ्या एनसीएए या संस्थेने १९९१ मध्ये एक नियम केला: डिव्हिजन वनच्या प्रत्येक बास्केटबॉल टीममध्ये एका असिस्टंटला वर्षाला १६,००० डॉलरच्या वर पगार द्यायचा नाही. त्यातले १२,००० शैक्षणिक वर्षाचे, ४,००० उन्हाळ्याचे. कारण सांगितलं ते असं, की खर्च आटोक्यात राहील आणि नव्या पोरांना शिरकाव मिळेल. प्रत्यक्षात त्या खुर्चीवर वर्षानुवर्षं काम केलेली, बायकामुलं असलेली माणसंही बसली. शेवटी कोच मंडळीच कोर्टात गेली, १९९८ मध्ये अपील कोर्टातही जिंकली, आणि १९९९ मध्ये एनसीएएने ५.४५ कोटी डॉलरवर तडजोड केली. हे सांगायचं कारण इतकंच की 'खेळावर प्रेम आहे ना, मग पैसे कशाला' हा सूर या धंद्याच्या मालकांना फार आवडतो. तुमच्या मुलानेही तो ऐकलाय, आणि तुम्ही त्याच वाक्याची दुसरी बाजू बोलताय: पैसे कमी, म्हणजे हे करिअरच नाही. वरच्या टोकाला, केंटकी किंवा ड्यूकसारख्या नावाजलेल्या विद्यापीठांत, असिस्टंटला वर्षाला काही लाख डॉलर मिळतात. खालच्या टोकाला आरोग्य विम्याचीही खात्री नसते. मधली पायरी अरुंद आहे.

किती अरुंद, त्याचा हिशेब तुमच्यासारख्या इंजिनिअरला आवडेल. डिव्हिजन वनमध्ये पुरुषांच्या साडेतीनशेच्या वर टीमा आहेत. २०२३ पासून प्रत्येकीला तीनऐवजी पाच असिस्टंट ठेवायची मुभा आहे, त्यातल्या दोघांना बाहेर जाऊन रिक्रूटिंग करता येणार नाही या अटीवर. सगळ्यांनी पाचही जागा भरल्या तर सतराशेच्या वर असिस्टंट आणि साडेतीनशे हेड कोच. प्रत्येक असिस्टंट हेड कोच होणार नाही, होऊच शकत नाही. तुमच्या राज्यातले टॉम इझो १९८३ मध्ये मिशिगन स्टेटला आले ते अर्धवेळ असिस्टंट म्हणून, हेड कोच झाले १९९५ मध्ये, २००० मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद. ब्रॅड स्टीव्हन्स यांनी २००० मध्ये इंडियानापोलिसच्या औषध कंपनीतली नोकरी सोडून बटलर विद्यापीठात फुकट राबायची तयारी दाखवली, २००७ मध्ये तिथेच हेड कोच झाले आणि लागोपाठ दोनदा, २०१० आणि २०११ मध्ये, टीमला राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नेलं. ही दोन्ही नावं तुमच्या मुलाच्या खोलीत कुठेतरी चिकटवलेली असणार. मला त्यांच्यापेक्षा बिल गथ्रिज महत्त्वाचे वाटतात. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात हेड कोच डीन स्मिथ यांच्या शेजारच्या खुर्चीत, असिस्टंट म्हणून, ते तीस वर्षं बसले, १९६७ ते १९९७. पुढे तीन वर्षं हेड कोच झाले आणि दोनदा फायनल फोर, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेची उपांत्य फेरी, गाठली, ते ठीकच. पण समजा झाले नसते, तर ती तीस वर्षं फुकट गेली म्हणाल? मुलाला विचारायचा प्रश्न हा आहे: हेड कोच कधीच झाला नाहीस, तरी हे काम करशील? घाईने "हो" म्हणाला तर विश्वास ठेवू नका. थोडा वेळ गप्प बसून म्हणाला तर ठेवा.

"आपल्या मुलाला कोण विचारणार" याचं उत्तर मी गोड करून देणार नाही. असिस्टंट घेताना हेड कोच बघतो की याच्या फोनमध्ये कुणाचे नंबर आहेत. कुठल्या शहरातले शाळेचे कोच याला ओळखतात, उन्हाळी टीमा चालवणारे कोण याचं ऐकतात, हा स्वतः कुठे खेळला. तुमच्या मुलाकडे यातलं थोडंच आहे. बेंचवर बसलेला, नाशिककर आईबापांचा मुलगा. कुणाचा भाचा नाही, कुणाचा जुना कॅप्टन नाही. पण रस्ता अजिबात नाही असंही नाही. टोरांटोचे रॉय राणा, भारतीय वंशाचे, आधी शाळेच्या जिममध्ये शिकवायचे. २००९ पासून दहा वर्षं त्यांनी रायरसन विद्यापीठाची टीम सांभाळली. २०१७ मध्ये कैरोत कॅनडाच्या एकोणीस वर्षांखालील मुलांना विश्वविजेतं केलं, उपांत्य सामन्यात अमेरिकेला हरवून. २०१९ मध्ये एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या सॅक्रमेंटो किंग्जने त्यांना असिस्टंट म्हणून नेलं. वंशामुळे नेलं नाही आणि वंशामुळे अडलंही नाही. फक्त दशकं लागली.

म्हणूनच ती डिव्हिजन टूची नोकरी मला, तुमची माफी मागून सांगते, अ‍ॅनालिस्टच्या जागेपेक्षा चांगली वाटते. व्हिडिओ कोऑर्डिनेटर या हुद्द्याला सरावात मुलांना शिकवायची वर्षानुवर्षं नियमानेच बंदी होती. तुमच्या मुलाने आतापर्यंत बहुतेक वेळ अंधाऱ्या खोलीत काढलाय. लहान कॉलेजात स्टाफ दोन-तीन माणसांचा. तिथे स्काउट त्याचा, बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच पोरांचा सराव त्याचा, बसचं बुकिंग आणि रात्रीचा पिझ्झाही त्याचाच. मुख्य म्हणजे रिक्रूटिंग करावं लागेल, आणि तेही तंगीत: डिव्हिजन टूमध्ये पुरुषांच्या टीमला दहा स्कॉलरशिपांएवढाच पैसा वापरता येतो, तो पंधरा पोरांत पुरवायचा. कुणाला अर्धी, कुणाला पाव, कुणाला नुसती पुस्तकं. महिनाअखेरीला घर चालवलेल्या माणसालाच हे जमतं. दोन वर्षांत त्याच्या फोनमध्ये शंभर नंबर जमतील, किंवा त्याचं त्यालाच कळेल की हे आपल्याला आवडत नाही. दोन्ही बरंच.

मात्र होकार देण्याआधी त्याने त्या हेड कोचला तीन गोष्टी विचाराव्यात. तुमचा करार किती वर्षं उरलाय? एकच वर्ष उरलं असेल तर पुढच्या मार्चमध्ये पुन्हा खोके. तुमचे आधीचे असिस्टंट आता कुठे आहेत? चांगला हेड कोच याचं उत्तर अभिमानाने, नावानिशी देतो. जो "ते गेले सोडून" म्हणतो त्याच्याकडे जाऊ नये. आणि आरोग्य विमा आहे का? आईवडिलांच्या विम्यात मुलाला सव्विसाव्या वर्षापर्यंतच राहता येतं, हा तर अठ्ठावीसचा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण बाप म्हणून ठाऊक असू द्या. २०१७ च्या सप्टेंबरात न्यू यॉर्कच्या सरकारी वकिलांनी कॉलेज बास्केटबॉलमधल्या लाचखोरीत दहा जणांना पकडलं, त्यात चार असिस्टंट कोच होते: ऑबर्न, अ‍ॅरिझोना, ओक्लाहोमा स्टेट आणि यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया) या विद्यापीठांचे. आपल्या खेळाडूंना ठरावीक एजंटांकडे वळवण्यासाठी पैसे घेतल्याचा आरोप होता. चौघांनी गुन्हा कबूल केला, दोघांना तीन-तीन महिन्यांची कैद झाली. हेड कोच त्यात एकही नव्हता. पोरांशी, त्यांच्या मामा-काकांशी, दलालांशी रोज बोलतो तो असिस्टंट, आणि त्याचा पगार हेड कोचच्या मानाने तुटपुंजा. त्याच्या आईने भरलेलं भाडं या दृष्टीने बघा. भाडं थकलेला पोरगा कुणाच्या तरी पाकिटाकडे जरा जास्त वेळ बघतो.

तेव्हा पैसे पाठवा, पण उघड. वहिनींवर रागावू नका. त्यांनी केलं ते तुम्हीही केलं असतं, फक्त एक्सेल शीट करून. तिघं बसून एक रक्कम ठरवा आणि एक तारीख. तारीख त्याला ठरवू द्या. तोवर मित्राच्या कंपनीचं नाव घरात काढायचं नाही, आणि तारीख उलटल्यावर त्याने पैशाचं नाव काढायचं नाही. लग्नाचा विषय तुम्ही पत्राच्या शेवटी चार ओळींत घुसवलाय. त्यावर मी काही लिहिणार नाही, तो त्याचा आहे.

दिवाळीचं. सीझन नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू होतो आणि त्याआधी ऑक्टोबरात सराव. म्हणजे दिवाळी दर वर्षी त्याच्या सर्वांत वाईट दिवसांतच येणार, पुढची वीस वर्षं. यावर भांडण्यात अर्थ नाही. जुलैची धावपळ संपल्यावर ऑगस्टच्या सुरुवातीला या लोकांना जरा उसंत मिळते. त्या वेळी त्याला घरी बोलवा आणि फराळ करा. चकलीला मुहूर्त लागत नाही, असं माझी सासू म्हणायची. ती बाकी सगळ्याला मुहूर्त बघायची.

आणि एक काम तुम्ही स्वतः करा. त्याने ती नोकरी घेतली तर जानेवारीतल्या एखाद्या शनिवारी विमानाने जा. त्याच्या बाकाच्या मागे बसू नका, समोरच्या बाजूला बसा, म्हणजे तोंड दिसेल. सामना त्याच्या स्काउटचा आहे का, हे आधी विचारून ठेवा. चेंडूकडे बघू नका, अवघड आहे, पण बघू नका. समोरच्या कोचने हात वर करून खूण केली की तुमच्या मुलाकडे बघा. तो अर्धवट उठेल, तोंडाशी हात नेऊन काहीतरी ओरडेल, आणि मग त्या पाच पोरांकडे बघा. त्यातला एखादा, चेंडू यायच्या आधीच, दोन पावलं डावीकडे सरकलेला असेल. परतीच्या विमानतळावरून मला मेल करा.